अडगळ कोणाची?

घरातली अडगळ एका दिवसात साचत नाही, आणि ती कोणी ठरवून साचवतही नाही. माळ्यावर पत्र्याच्या दोन ट्रंका, पट्ट्या ढिल्या झालेली लोखंडी कॉट, बुडाला भोक पडलेला तांब्याचा बंब, लग्नात आहेर म्हणून आलेले आणि अजून न उघडलेले लेमन सेट, मुलांची दहावीची गाइडं, बंद पडलेला टेबलफॅन. सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही मध्यमवर्गीय घरात थोड्याफार फरकाने हेच सापडेल. कुर्डुवाडीसारख्या रेल्वेच्या गावात त्यात खोक्यांची भर पडते. बदलीच्या नोकरीत मजबूत खोके कोणी टाकून देत नाही, कारण पुढच्या बदलीला सामान बांधायला ते लागते. यथावकाश निवृत्ती येते, घर बांधून होते, बदल्या संपतात आणि खोकी नव्या घराच्या माळ्यावर चढतात. आत काय आहे ते घरातल्या कोणालाही खात्रीने सांगता येत नाही.

मनातही असेच साचते. वाटणीच्या वेळी भाऊ काय बोलला, कोणत्या लग्नात मानपान राहिला, मुलाची नोकरी टिकेल की नाही, आई आजारी असताना वेळेवर जाता आले नाही. यातले काहीच रोज वापरात नसते, पण जागा अडवते. झोप न लागलेल्या रात्री माणूस ते एकेक काढून पाहतो आणि पुन्हा जिथल्या तिथे ठेवतो.

आवराआवर हा गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगभर पुस्तकांचा विषय झाला आहे. जपानच्या मारी कोन्दो यांचे २०११ मधले पुस्तक अनेक भाषांत गेले. त्यांची कसोटी सोपी आहे. वस्तू हातात घ्यावी, आनंद वाटला तर ठेवावी, नाही वाटला तर तिचे आभार मानून निरोप द्यावा. स्वीडनच्या मार्गारेटा मॅग्नुसन यांच्या पुस्तकाने, आपल्यामागे मुलांना उपसत बसावे लागू नये म्हणून हातपाय चालताहेत तोवर आवरून ठेवण्याची तिकडची रीत सगळीकडे नेली. दोन्ही सल्ले कामाचे आहेत. पण कोन्दोबाईंच्या कसोटीत मालक हाच न्यायाधीश असतो. वस्तू त्याची, आनंद त्याचा आणि निकालही त्याचा. ख्रिस्ती विचार इथे वेगळी वाट धरतो. हे आवडते का, हे लागते का, या प्रश्नांच्या आधी तो विचारतो की हे कोणाचे आहे?

चोविसाव्या स्तोत्रापासून हा प्रश्न पवित्र शास्त्रात सतत येत राहतो. पृथ्वी आणि तिच्यावरचे सारे देवाचे आहे, माणूस फक्त कारभारी, आणि लूकच्या सोळाव्या अध्यायातल्या दृष्टांताप्रमाणे कारभाऱ्याला कधीतरी हिशेब द्यावा लागतो. या दृष्टीने पाहिले की अडगळीची व्याख्याच बदलते. वस्तू किती आहेत याला फारसे महत्त्व उरत नाही. जे आपले नाही, किंवा आपले होते पण आता राहिलेले नाही, ते धरून बसणे म्हणजे अडगळ. माळ्याला हे लागू पडते, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे मनाला त्याहून जास्त.

लूकच्या बाराव्या अध्यायातला कोठाराचा दृष्टांत या विषयावरचा सर्वात नेमका मजकूर आहे, आणि तो सुरू होतो वाटणीच्या भांडणातून. गर्दीतला एक जण येशूला म्हणतो की माझ्या भावाला वडिलांची मालमत्ता वाटून द्यायला सांगा. कुर्डुवाडीच्या माढा तालुक्यात हा प्रसंग कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. येशू वाटणी करून द्यायला नकार देतो आणि एका जमीनदाराची गोष्ट सांगतो. पीक भरघोस आले, कोठारे अपुरी पडली, तेव्हा ती पाडून मोठी बांधू आणि मग निवांत खाऊ-पिऊ असा बेत त्याने केला. त्याच रात्री त्याचा जीव गेला. या गोष्टीत माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त स्वतःशी बोलतो. बायको नाही, गडी नाही, शेजारी नाही. सगळे धान्य ‘माझे’, सगळी कोठारे ‘माझी’. देव त्याला लोभी म्हणत बसत नाही. मूर्ख म्हणतो आणि विचारतो की हे सगळे आता कोणाचे होणार?

मात्र हा दृष्टांत सोलापूरकडच्या माणसाला सांगताना थोडे थांबावे लागते. हा अवर्षणाचा मुलूख. १८७६ ते ७८चा दुष्काळ, मग शतकाच्या अखेरचे लागोपाठचे दुष्काळ आणि जाणत्यांच्या आठवणीतला १९७२चा. इथल्या जुन्या वाड्यांत अंगणाच्या पोटात पेव असायचे, आत जोंधळा भरून तोंड लिंपून टाकायचे. साठवणे हे इथे शहाणपण होते आणि ते कोणी शिकवले नव्हते, पोटाने शिकवले होते. पवित्र शास्त्रालाही साठवण मंजूर आहे. योसेफाने सात सुकाळांत पाचवा हिस्सा बाजूला काढला म्हणून मिसर देश सात दुष्काळांतून तगला. (त्याने ते धान्य फुकट वाटले नाही, आणि शेवटी लोकांच्या जमिनी फारोच्या घशात गेल्या, हेही उत्पत्तीचे पुस्तक लपवत नाही. योसेफाची गोष्ट लहान मुलांना सांगताना हा भाग सहसा गाळतात.) योसेफाचे कोठार आणि त्या जमीनदाराचे कोठार यांत फरक आकाराचा नाही. एकाचे तोंड दुष्काळात उघडते, दुसऱ्याचे उघडायचे ठरलेलेच नाही.

१९८० च्या सुमारास याच माढा तालुक्यात भीमेवर उजनीचे धरण उभे राहिले, जोंधळ्याच्या रानांत ऊस आला आणि पेवांची गरज सरली. सवय मात्र राहिली. धान्य साठवणारे हात आता श्रीखंडाचे रिकामे डबे, जॅमच्या बाटल्या, धुऊन वाळवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि साड्यांचे खोके साठवतात. ‘असू दे, लागेल कधीतरी’ हे वाक्य दुष्काळातून आलेले आहे, त्यामुळे त्याला नुसते हसून चालत नाही. पण त्याची मुदत संपलेली आहे हेही खरे.

चौथ्या शतकात कप्पदुकिया प्रांतातल्या कैसरिया शहरात असाच दुष्काळ पडला, साधारण ३६८-६९च्या सुमारास. तिथले बेसिल हे धर्मगुरू याच दृष्टांतावर बोलले. त्यांचे म्हणणे असे की तुला जास्तीची कोठारे हवी असतील तर गरिबांची पोटे आहेतच, ती भर. पेटीत घडी घालून ठेवलेला अंगरखा उघड्या माणसाचा आहे आणि कोपऱ्यात कुजणारे जोडे अनवाणी माणसाचे. बेसिल हे दान म्हणून सांगत नाहीत, परतफेड म्हणून सांगतात. पडून असलेली वस्तू दुसऱ्याची आहे आणि ती अडवणे ही एक प्रकारची चोरी. हा युक्तिवाद कडक आहे, आणि त्याच्या मुळाशी अंगरखा नव्हे, अंगरख्याची मालकी आहे. पुढे त्यांनी शहराबाहेर आजारी आणि निराधार लोकांसाठी मोठी संस्था उभारली, म्हणून त्यांचे बोलणे पोकळ वाटत नाही.

विचार कितीही उंच असला तरी तो रोज पाळायला व्यवस्था लागते. ती सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठासाठी लिहिलेल्या नियमावलीत मिळते. पंचावन्नावे प्रकरण कपड्यांचे आहे. प्रत्येक साधूला अंगरखे दोन, म्हणजे एक धुवायला गेला तर दुसरा घालता येईल. त्याशिवाय पट्टा, चाकू, सुई, रुमाल, लिहायची पाटी अशी मोजकी सामग्री, तीही मठाधिपतीने दिलेली, म्हणजे ‘मला हे लागते’ ही सबब उरू नये. नवा कपडा मिळाला की जुना त्याच वेळी परत करायचा, तो गरिबांसाठी कोठीत जातो. अंथरुणाखाली कोणी काही लपवले आहे का ते मठाधिपती अधूनमधून पाहतो. मठातल्या कोठीवाल्याला सांगितले आहे की मठाची भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांइतकी जपावीत. म्हणजे वस्तूंबद्दल तुच्छता नाही. उलट मोजक्या असल्यामुळेच त्या नीट सांभाळता येतात. आवराआवरीवरचे एवढे व्यवहारी प्रकरण नंतरच्या दीड हजार वर्षांत क्वचितच कोणी लिहिले असेल.

नवे आले की जुने त्याच वेळी बाहेर, हा नियम मराठी घरांना नवा नाही. बोहारीण तेच करायची, फक्त उलट दिशेने. ती जुन्या साड्या आणि पँटी घेऊन स्टीलचा डबा द्यायची, घासाघीस तासभर चालायची. कपाटातली अडगळ मांडणीवर जाऊन बसायची. गोधडीचा हिशेब यापेक्षा चोख आहे. जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक घालून टाके घातले की फाटक्यांचे पांघरूण होते आणि एखादी गोधडी लेकीच्या बाळंतपणालाही जाते.

देण्यातही एक गोम आहे. नकोसे झालेले दुसऱ्याच्या गळ्यात घालणे म्हणजे देणे नव्हे. २००४च्या सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले, कारण अनेक कपडे तिथल्या लोकांनी अंगावर घालावेत असे नव्हतेच. देणाऱ्यांची कपाटे रिकामी झाली, एवढेच झाले. याकोबाच्या पत्रात उघड्या माणसाला ‘ऊब घे’ असे नुसते तोंडाने सांगणाऱ्याची जी संभावना केली आहे, ती बटण तुटलेला कोट पाठवणाऱ्यालाही लागू व्हावी. रेल्वेच्या कारखान्यात जे कामातून गेले ते ‘कंडम’ ठरवायची पद्धत असते. कोणीतरी पाहतो, सही करतो, मग माल भंगारात जातो. घरात सही करणारा कोणी नसतो, म्हणून फाटलेले एक तर तसेच पडून राहते, नाहीतर गरिबाच्या नावाने बाहेर पडते.

महाराष्ट्रात या विचाराचे सर्वात ठळक उदाहरण नारायण वामन टिळकांचे. जन्म १८६१चा, कोकणातला. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला, आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी बरीच वर्षे अहमदनगरला काम केले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या पगाराची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणाऱ्या कोणालाही तिथे जागा असावी असा विचार होता. १९१९ मध्ये ते वारले. टिळकांनी सोडलेली सर्वात मोठी वस्तू घरातली नव्हती. ती होती मिशनची छाया, म्हणजे नियमित पगार आणि त्याबरोबर येणारे परक्यांचे मिंधेपण.

पण टिळकांची गोष्ट त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंशिवाय सांगितली तर ती अर्धी राहते, आणि त्यागाच्या गोष्टी आपल्याकडे बहुधा अर्ध्याच सांगतात. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला टिळकांचा हात किती सैल होता हे ठाऊक आहे. हातात पैसा आला की तो दुसऱ्याच्या गरजेला जायचा, आणि संध्याकाळी चुलीवर काय ठेवायचे हा प्रश्न लक्ष्मीबाईंचा असायचा. एकाने हलके व्हायचे आणि ते ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर जायचे, हा त्याग पुरा नव्हे. लक्ष्मीबाईंनी तक्रारीचा सूर न लावता, हसत हसत हे लिहून ठेवले, हा त्यांचा मोठेपणा. घर आवरण्याचे उपदेश आजही बहुधा पुरुष व्यासपीठावरून करतात आणि माळ्यावर चढते घरातली बाई. ख्रिस्ती कारभारीपणाचा हिशेब मांडायचा तर तिची मेहनतही त्यात धरावी लागेल.

दुसरे उदाहरण पुणे-सोलापूर मार्गावरच्याच केडगावचे, आणि ते टिळकांच्या नेमके उलट आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, ते पुढे पुण्याला नेले, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली व विधवांना आणून केडगावच्या मुक्ती सदनात वसवले. तिथे काय नव्हते? माग होते, तेलाचा घाणा होता, गुरे होती, शेती होती, छापखाना होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे सुमारे दोन हजार जणी राहत होत्या, मग भांड्यांचा आणि अंथरुणांचा डोंगर किती असेल याची कल्पना करावी. यातले काहीही अडगळ नव्हते. प्रत्येक मागावर कोणी ना कोणी बसलेली होती. खुद्द रमाबाई साध्या पांढऱ्या कपड्यांत राहत आणि आयुष्याच्या अखेरीस मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करत होत्या. ते संपवून त्या १९२२ मध्ये गेल्या. रिकामी खोली दाखवून कोणी साधेपणा सिद्ध करू पाहत असेल तर त्याला केडगाव दाखवावे.

याला आणखी एक बाजू आहे. मराठी ख्रिस्ती समाजातली फार मोठी संख्या नगर, सोलापूर भागातल्या दलित जातींतून, पुष्कळदा दुष्काळाच्या काळात, ख्रिस्ती झालेल्या लोकांची आहे. ज्यांच्या आज्या-पणज्यांना पितळेचे भांडे आणि नवे लुगडे मिळणे अवघड होते, आणि काही ठिकाणी गावाने ते वापरूही दिले नसते, त्यांच्या घरातली समोर मांडलेली स्टीलची भांडी म्हणजे दिखाऊपणा नव्हे. तिथे वस्तू माणसाची किंमत सांगते. निर्गमाच्या पुस्तकात नियम आहे की गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्य मावळायच्या आत परत करावे, त्याने मग कशात झोपायचे? ज्याच्याकडे एकच पांघरूण आहे त्याला अपरिग्रहावर प्रवचन देऊ नये, इतके तारतम्य मोशेच्या नियमशास्त्रातही आहे.

कुर्डुवाडीला, म्हणजे तेव्हाच्या बार्शी रोडला, १८९७ मध्ये बार्शीची छोटी गाडी सुरू झाली. तिचे रूळ अडीच फुटांच्या अंतराचे होते. तिचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने एक गोष्ट हट्टाने पाळली. इंजिन असो की वाघिणी, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार यायचा नाही. गाडीचे स्वतःचे वजन असे कमीत कमी ठेवले की हलक्या रुळांवरूनही कापूस, धान्य आणि पंढरीचे वारकरी भरपूर नेता येत. २००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर बाजूचा तो सगळा मार्ग मोठ्या मापाचा झाला. तरी त्याचा हिशेब ख्रिस्ती साधेपणाशी चांगला जुळतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात धावणाऱ्याला भार टाकायला सांगितले आहे, ते हलके वाटावे म्हणून नव्हे, पुढे धावायचे आहे म्हणून. स्वतःचे वजन कमी करायचे ते दुसऱ्याचे वजन उचलता यावे यासाठी.

मनाच्या अडगळीचा विचार करताना पहिली अडचण अशी की घर रिकामे केल्याने ती जात नाही. हे सर्वात आधी इजिप्तच्या वाळवंटातल्या संन्याशांच्या लक्षात आले. तिसऱ्या शतकात अँथनी नावाच्या तरुणाने चर्चमध्ये, येशूने ज्याला सगळे विकून गरिबांना द्यायला सांगितले त्या श्रीमंत तरुणाची गोष्ट ऐकली आणि वडिलार्जित जमीन सोडून दिली. त्याच्या मागोमाग हजारो गेले. त्यांच्या खोलीत चटई आणि पाण्याचे भांडे, याहून फारसे काही नसे. तरीही डोके भरलेलेच असे. एव्हाग्रिअस (मृत्यू ३९९) याने तिथेच राहून या विचारांचे आठ प्रकार लिहून काढले. खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, राग, कंटाळा, मोठेपणाची हाव आणि गर्व. पुढे पोप ग्रेगरी यांनी त्यांतूनच सात महापापांची यादी बेतली. एव्हाग्रिअसचे सर्वात उपयोगी म्हणणे असे की असे विचार येणे आपल्या हाती नाही, त्यांना मुक्काम करू द्यायचे की नाही हे मात्र आहे. दुपारच्या उन्हात संन्याशाला दिवस संपत नाही असे वाटते, सारखे खिडकीतून बघावेसे वाटते, ही खोली सोडून दुसरीकडे जावे असे वाटते, हे त्याचे वर्णन वाचले की दुपारी अडीच वाजता कार्यालयात बसून मोबाइल चाळणारा माणूस डोळ्यांसमोर येतो.

मनातल्या या साठ्याला ‘कोणाचे’ हा प्रश्न लावला की त्याचे तीन ढीग पडतात. पहिला काळजीचा. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू उद्याची काळजी उद्यावर सोडायला सांगतो. याचा अर्थ नियोजन करू नये असा लावणाऱ्यांनी योसेफ विसरलेला असतो. बी-बियाणे, विमा, मुलीची फी, हे आजचे काम आहे आणि ते आज करावे. काळजीची गोष्ट वेगळी. अजून आपल्याकडे आलेला नाही तो दिवस आपलाच असल्यासारखा ती हाताळत बसते. इस्राएल लोकांना वाळवंटात रोज मिळणाऱ्या अन्नाची, म्हणजे मान्न्याची, गोष्ट इथे नेमकी बसते. रोजचे रोज गोळा करायचे, उद्यासाठी दडवून ठेवले त्यात किडे पडले. शब्बाथाच्या आदल्या दिवशीचे दुप्पट मात्र नासले नाही, कारण ते साठवणे सांगितलेले होते.

दुसरा ढीग रागाचा आणि मानापमानाचा. प्रभूच्या प्रार्थनेत अपराधांची माफी कर्जाच्या भाषेत मागितलेली आहे. जशी आम्ही आमच्या ऋणकोंची सोडली तशी आमची सोड. भावाने बांध कोरला, नणंदेने लग्नात टोमणा मारला, ही सगळी आपल्या वहीत लिहिलेली येणी असतात. तुकोबांनी दुष्काळानंतर घरातली कर्जखते काढली, धाकट्या भावाच्या वाट्याची त्याच्याकडे ठेवली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली असे परंपरा सांगते. त्यात भावाचा वाटा त्यांनी बुडवला नाही, हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. माफ करता येते ते फक्त आपले येणे. दुसऱ्यावर झालेला अन्याय आपण परस्पर माफ करून टाकायचा आणि त्याला उदारपणा म्हणायचे, हे कर्जखतांच्या हिशेबात बसत नाही. मारहाण सोसणाऱ्या बाईला ‘क्षमा कर आणि नांद’ असे सांगणारे वडीलधारे नेमके हेच करतात.

तिसरा ढीग अपराधीपणाचा. चूक झाली, कबूल केली, भरपाई शक्य होती तेवढी केली, तरी माणूस ती रोज काढून पाहतो. ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे ते ऋण देवाने रद्द केलेले आहे, त्यामुळे ते जपून ठेवणारा दुसऱ्याने फाडलेला कागद चिकटवत बसतो. कॅथलिक परंपरेत यासाठी पापनिवेदन आहे. इग्नेशियस लोयोला यांच्या १५४८ मध्ये छापलेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात रोजच्या आत्मपरीक्षणाची रीत दिली आहे. आधी दिवसभराबद्दल आभार, मग तासातासाने दिवस डोळ्यांखालून घालणे, मग क्षमा, मग उद्याचा निश्चय. आभार आधी ठेवले आहेत ते विचारपूर्वक. चुकांपासून सुरुवात केली की माणूस तिथेच अडकतो.

एवढे करून घर आणि मन स्वच्छ झाले तरी विषय संपत नाही. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात निघून गेलेला अशुद्ध आत्मा परत येतो, घर झाडलेले, सजवलेले आणि रिकामे पाहतो, आणि आपल्याहून वाईट असे आणखी सात जण घेऊन आत येतो. धोका घाणीचा नव्हता, रिकामेपणाचा होता. माळा मोकळा झाला की महिन्याभरात ऑनलाइन मागवलेली खोकी त्यावर चढतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. म्हणून ख्रिस्ती परंपरेत झाडण्याबरोबर भरण्याचीही सोय असते. प्रार्थना, पाहुणचार, आजाऱ्याला भेटणे, उपासकाळात वाचवलेले कोणाला तरी पोहोचवणे. मोकळ्या खोलीत कोणाला झोपायला मिळाले, हा प्रश्न खोली किती मोकळी दिसते यापेक्षा महत्त्वाचा.

स्वच्छतेचे वेडही एक प्रकारची अडगळच असते. लक्ष्मीबाई टिळकांच्या आईच्या वडिलांना सत्तावन्नच्या बंडानंतर फाशी झाली, आणि त्या धसक्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेले धान्यच काय, मीठ-साखरही धुऊन घेण्यापर्यंत मजल गेली आणि घरातल्या बायका-मुलांचे हाल झाले. ‘स्मृतिचित्रे’च्या सुरुवातीचा हा भाग वाचताना हसू येते, पण त्या घरात राहणाऱ्यांना ते आले नसणार. वाटी बाहेरून घासून आत लूट ठेवणाऱ्या परुश्यांवर येशूने जी टीका केली तिचा रोख वेगळा आहे, मात्र निष्कर्ष जवळचा. नीटनेटकेपणासाठी घरातली माणसे राबवली जाऊ लागली की तो कोणाच्याच कामाचा राहत नाही.

काही ठिकाणी उपदेश थांबवून डॉक्टर गाठावा लागतो. एकही वस्तू टाकता न येणे, घरात चालायला वाट न उरणे, कोणी हात लावला तर जीव कासावीस होणे, हा आजार आहे. २०१३ पासून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात तो स्वतंत्रपणे नोंदलेला आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही नंतर तो स्वीकारला. अशा माणसाला लोभी ठरवणे किंवा तो बाहेर गेला असताना घर उपसणे दोन्ही चूक. नुकतेच कोणी गेलेले असेल त्या घरालाही हेच लागू. नवऱ्याचे शर्ट कधी द्यायचे हे त्या बाईने ठरवायचे असते, तेराव्याला जमलेल्या नातेवाइकांनी नव्हे.

उरतो तो आठवणींच्या वस्तूंचा प्रश्न, आणि इथे ‘कोणाचे’ या कसोटीचे उत्तर कधी कधी ‘पुढच्यांचे’ असे येते. यहोशवाच्या चौथ्या अध्यायात यार्देन नदी ओलांडल्यावर बारा गोत्रांचे बारा जण पात्रातून एकेक धोंडा खांद्यावर उचलून आणतात, कारण उद्या मुले विचारतील की हे धोंडे कशाचे, आणि तेव्हा सांगता यावे. धोंडे ठेवायचे ते सांगणारा आहे म्हणून. आजीचे जाते घरात ठेवायचे की अंगणात पायरी करायची हे त्यावर ठरते. टिळकांच्या मागे राहिलेल्या कागदांत ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे होते. ते टाकून देण्यासारखेही नव्हते आणि जसेच्या तसे जपून उपयोगही नव्हता. लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहीत नेले, १९३६ मध्ये त्याही गेल्या, आणि शेवटचा भाग मुलगा देवदत्त याने पुरा केला.